मालवाहू गाडीत गाणं कोण ऐकतं?

आमच्याकडे आशागडला पिकअपमधल्या कुठल्याही म्युझिक सिस्टिमला ‘टेप’ म्हणतात. त्यात टेप नसतेच. पेनड्राइव्ह असतो, ब्लूटूथ असतो, तरी ड्रायव्हरला सांगायचं ते ‘टेप लाव’ असंच. गाडीतल्या गाण्याचा निम्मा इतिहास या एका शब्दात आहे. उरलेला निम्मा दाराच्या पत्र्यामागे आहे. ते दार उघडलं की गाडी बनवताना कोणाचा विचार झाला होता आणि कोणाचा नाही, हे कळतं.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, त्याची बांधणी १९२५ साली पक्की झाली. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी ती बसवली: चुंबक, त्यात हलणारी तारेची गुंडाळी, गुंडाळीला चिकटवलेला कागदाचा कोन. गुंडाळीतून वीज गेली की ती मागेपुढे होते, कोन हवा ढकलतो, आवाज येतो. शंभर वर्षांत चुंबक बदलले, गोंद बदलला, पण तत्त्व तेच राहिलं. १९३० मध्ये गॅल्विन बंधूंच्या कंपनीने गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढे तेच नाव फोनवर आलं. हा रेडिओ घेणारा माणूस स्वतःच्या मोटारीतून फिरणारा होता. गाडीतलं गाणं ही मालकाची चैन होती.

मालवाहू गाडीची वंशावळ वेगळी. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. युद्धासाठी बनलेल्या त्या जीपला मुळात पत्र्याची दारंच नव्हती, मग स्पीकर बसणार कुठे? आपल्या रस्त्यांवरच्या कित्येक पिकअपचं मूळ त्या जीपपर्यंत जातं. टाटांची पिकअप १९८८ साली आली. दारं आली, काचा आल्या, पण हिशेब बराच काळ एकच होता: किती किलो माल, लिटरला किती किलोमीटर. या हिशेबात ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा. तो ऐकणाराही असतो, हे कागदावर कुठे येत नव्हतं.

मग ऐकायची सोय ड्रायव्हरांनी स्वतःच केली. आधी डॅशबोर्डवर दोरीने बांधलेला ट्रान्झिस्टर. मग आली कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवली आणि १९८०च्या दशकात भारतात तिचा पूर आला. रेकॉर्डपेक्षा ती खूप स्वस्त, आणि खड्ड्यांतही चालणारी. रेडिओवर जे लागेल ते ऐकावं लागायचं, कॅसेटमध्ये आपल्या बोलीतलं, आपल्या पट्ट्यातलं गाणं मिळू लागलं. सीटमागे प्लायचा खोका ठोकून त्यात स्पीकर बसवणं हा तेव्हाचा अपग्रेड. ‘टेप’ हा शब्द तिथून आला आणि राहिला.

माझे मामा पिकअप चालवतात. आशागड डहाणू–चारोटी रस्त्यावर. पश्चिमेला रेल्वे आणि समुद्र, पूर्वेला चारोटीला मुंबई–अहमदाबाद महामार्ग. हंगामात चिकूचे क्रेट भरायचे आणि रात्री निघायचं. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीचे मूळचे दोन्ही स्पीकर फाटक्या पत्रावळीसारखे वाजू लागले. मी पुण्यात कोड लिहितो, सुट्टीला गेलो होतो, काम माझ्याकडे आलं. डहाणूच्या मेकॅनिकसोबत दार उघडलं. आत दमट हवेने मऊ पडलेला पातळ कागदी कोन, नाण्यापेक्षा थोडा मोठा चुंबक, आणि भोवती मोकळा पत्रा.

मामांना जास्त वॉट हवे होते. मी आधी गणित मांडलं. चालू गाडीत टेपला साधारण १४ व्होल्ट मिळतात. त्यावर ४ ओहमच्या एका स्पीकरला फार तर २५ वॉट स्वच्छ ताकद जाते, खोक्यावर ‘५० × ४’ छापलेलं असलं तरी. वेगळा ॲम्प्लिफायर न लावता आवाज वाढवायचा तर एका वॉटमध्ये जास्त बोलणारा स्पीकर घ्यायचा. ८८ डेसिबलच्या जागी ९१चा घेतला, तर टेपची ताकद दुप्पट केल्यासारखंच होतं. कोन कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलिनचा घेतला. बीबीसीचे अभियंते डडली हारवूड यांनी १९७०च्या दशकात हे प्लॅस्टिक कोनसाठी वापरलं. त्यांना हवा होता अचूक आवाज, आम्हाला हवा होता पावसात टिकणारा. एकाच वस्तूने दोघांचं काम झालं.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो भोकं बुजवल्याने. कोन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मधे फट असेल तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेस नाहीसा होतो. प्लायची रिंग, फोमची पट्टी आणि पत्र्यावर डांबराची शीट एवढ्यावर भागलं.

हे आमच्या भागाला नवं नाही. वारल्यांचा तारपा पाहा: सुकवलेला दुधीभोपळा, त्यात पात्यांच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि प्रत्येक सांध्यावर मेण. मेण सुटलं की हवा निसटते आणि तारपा मुका होतो. भोपळा आवाज घुमवतो, कर्णा तो पसरवतो. आशागडजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर गेली. त्या चित्रांत तारपा वाजवणारा मधे असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती वळसा घेतात. म्हणजे कोण ऐकणार हे ठरवूनच वाद्याची जागा ठरलेली. दारात गुडघ्याकडे तोंड करून बसवलेल्या स्पीकरबद्दल असं म्हणता येत नाही.

पिकअपचं नाव काढलं की हल्ली लोकांना लग्नातली डीजेची गाडी आठवते. ती वेगळी गोष्ट आहे. तिथे स्पीकर मागे हौद्यात असतो आणि गावाकडे तोंड करून वाजतो. तिच्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत: रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. ते पाळले गेलेच पाहिजेत. पण केबिनमधला आवाज एका माणसाचा आहे, रात्री दोन वाजता जागं राहायची गरज असलेल्या माणसाचा. ‘गाडी कामाची आहे, लग्नाची नाय,’ मामा म्हणाले ते याच अर्थाने.

तरी आवाज मोठा का लागतो? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली: १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटातल्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी हवाच. ड्रायव्हर उन्हात शिजतो हे शेवटी कायद्याने मानलं. पण एन-२ सुरू होतो साडेतीन टनांच्या वर, मालासकट. त्याखालच्या पिकअप एन-१मध्ये येतात, त्यांना ही सक्ती नाही. मामांची त्यातच मोडते. म्हणून एप्रिलमध्ये काचा खाली. काचा खाली म्हणजे वारा, शेजारून जाणारे ट्रेलर आणि डिझेल इंजिनाचा घरघराट, आणि या सगळ्याच्या वर गाणं. दाराच्या फटी आम्ही फोमने बुजवल्या, खिडकीला मात्र तो उपाय चालत नाही.