जड पाणी आणि पुणेकरांचा संसार

“पुण्याचें पाणी गोड,” असें आपण परगांवच्या पाहुण्यास मोठ्या अभिमानानें सांगतों. हा गोडवा कोठून आला, तो सर्वांच्या वांट्यास सारखा आला कीं नाहीं, आणि तो हरपला म्हणजे संसाराचें काय होतें, याचा थोडा इतिहास आज पाहूं या.

आकाशांतून पडणारें पाणी मूळचें मृदु असतें. जमिनींत मुरतांना तें मातींतील कर्बवायु शोषून घेतें आणि किंचित् आम्ल बनून खडकांतील चुना व मॅग्नेशियम विरघळवूं लागतें. जितकें तें खडकांत अधिक काळ राहील, तितकें तें जड होईल. म्हणूनच तलावाचें पाणी बहुधा मृदु आणि खोल विहिरीचें बहुधा जड. जड पाण्यांत साबणास फेंस येत नाहीं, त्याचा चिकट साका होतो. डाळ तासभर चुलीवर राहूनहि बोटचेपी होत नाहीं. आणि पाणी उकळलें कीं विरघळलेला चुना भांड्याच्या अंगास पांढरा थर होऊन बसतो. रसायनशास्त्र्यांनीं हें सूत्रांत मांडण्यापूर्वींच आपल्या आजीबाईंना तें ठाऊक होतें. स्वयंपाकाची विहीर वेगळी आणि वापरण्याची वेगळी, हा भेद त्यांनीं डाळीवरूनच ठरविला होता.

पेशवाईंत शहर वाढलें तसें विहिरींचें पाणी अपुरें पडूं लागलें. तेव्हां नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७४९-५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगराखालीं तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला गेला. वाटेंत ठिकठिकाणीं ‘उच्छ्वास’ ठेविले होते. त्यांत गाळ खालीं बसे व निवळ पाणी पुढें जाई. शहरांतील हौद या पाण्यानें भरत. डोंगरावरील पावसाचें हें पाणी खडकांत फारसें मुरलेलें नसे, म्हणून तें डाळीसहि मानवे आणि धुण्यासहि.

परंतु पाणी मृदु असलें तरी समाज मृदु नव्हता. हौदावर कोणीं यावें व कोणीं दूर उभें राहावें, हें जातीवरून ठरे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, त्या कृत्याचें मोल या पार्श्वभूमीवर कळतें.

पुढें १८७९ च्या सुमारास मुठा नदीवर खडकवासल्याचें धरण उभें राहिलें. कर्नल फाइफ या इंजिनियराच्या नांवावरून त्या जलाशयास ‘लेक फाइफ’ म्हणत. सह्याद्रीवरील पावसाचें मृदु पाणी आतां नळानें घरांत आलें. तांबट आळीत घडलेला तांब्याचा बंब न्हाणीघरांत पिढ्यान् पिढ्या टिकला, यांत कारागिराच्या हातोडीइतकाच या पाण्याचाहि वांटा आहे. मग १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासलाहि गेलें, आणि नळ कोरडे पडले. त्या दिवसांत वाड्यांतील आड आणि पेशवेकालीन हौद यांचीच शहरास पुन्हा आठवण झाली.

आजचा प्रश्न निराळा आहे. १९९७, २०१७ आणि २०२१ मध्यें भोंवतालचीं गांवें शहराच्या हद्दींत आलीं. परंतु हद्द जितक्या त्वरेनें सरकते तितक्या त्वरेनें नळ सरकत नाहीं. तेथील अनेक घरांचा संसार विंधनविहिरीवर आणि टँकरवर चालतो. काळ्या पाषाणांत शेंकडों फूट खालीं सांचलेलें हें पाणी गीझरमध्यें तापलें कीं चुन्याचा थर थेट विजेच्या कांडीवर बसतो. हा थर उष्णता नीट जाऊं देत नाहीं. त्यामुळें आंतल्या आंत अतितप्त होऊन कांडी एके दिवशीं जळून जाते. कपडे धुण्याच्या यंत्राचीहि हीच कथा. गृहिणी यंत्रास दोष देते, दुकानदार वापरास दोष देतो. खरा अपराधी मात्र पाण्यांत विरघळून अदृश्य असतो.

यावर उपाय आहे, आणि त्याची एक कडी आपल्याच पायांखालीं आहे. १८४१ मध्यें अ‍ॅबर्डीनच्या टॉमस क्लार्क यांनीं चुन्याच्या निवळीनेंच पाण्यांतील चुना खालीं बसविण्याची युक्ति काढली. त्याहीपूर्वीं, कात्रजचा नळ नवा असतांना, १७५६ मध्यें स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनीं तापवितांच उकळल्यासारख्या दिसणाऱ्या एका खनिजास ‘झिओलाइट’ म्हणजे ‘उकळता दगड’ असें नांव दिलें. हीं खनिजें पुण्याच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत विपुल सांपडतात. पुढें कृत्रिम झिओलाइटांतून पाणी गाळून चुना काढून घेण्याची रीत निघाली. आज त्यांची जागा बहुधा राळेच्या बारीक मण्यांनीं घेतली आहे. हे मणी चुना धरून ठेवितात, त्याबदलीं सोडियम सोडतात, आणि मिठाच्या पाण्यानें धुतले कीं पुन्हा कामास येतात. असें पाणी स्नानास व धुण्यास उत्तम. पिण्यासाठीं मात्र निराळी सोय ठेवावी. ज्यांना हा खर्च नको, त्यांनीं गीझर साठ अंशांच्या खालींच ठेवावा आणि भांड्यांवरील थर लिंबाच्या रसानें वा सिरक्यानें काढावा.

जड पाणी म्हणजे विष नव्हे. चुना शरीरासहि लागतो. पण एकाच शहरांत एका घरीं सह्याद्रीचा पाऊस यावा आणि दुसऱ्या घरीं टँकर यावा, हें जडत्व कोणत्याहि यंत्रानें निघणारें नाहीं. नानासाहेबांनीं पाणी डोंगरापासून वाड्यापर्यंत आणलें, फुल्यांनीं तें हौदापासून माणसापर्यंत पोंचविलें. या दोन्ही कामांतील उरलेली वाट चालणें आपल्याकडे आहे.