कपाटाचे कुळ

सुवर्णमहोत्सवासारखा प्रसंग आला की मनुष्य जुनी कपाटे उघडतो. आमच्या लातूरच्या पेढीचे नूतनीकरण काढले, तेव्हा एक जड लोखंडी कपाट हलविण्याची वेळ आली आणि त्यातूनच हा अल्पसा लेख सिद्ध झाला.

हे कपाट आजोबांनी स्वातंत्र्यापूर्वी मुंबईहून आणलेले ‘गोदरेज’ आहे, असे आमच्या घरी तीन पिढ्या सांगितले जात होते. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने त्याच बोलीवर चांगली किंमत देऊ केली. मात्र तसे लिहून द्यावे, असा त्याचा आग्रह होता. तोंडी बोलणे निराळे व लेखी देणे निराळे. म्हणून प्रथम कपाटाचे कुळ शोधण्याचे ठरविले.

आर्देशिर गोदरेज यांनी इ.स. १८९७ मध्ये मुंबईच्या लालबाग भागात कुलुपांचा कारखाना काढला. १९०२ पासून तिजोऱ्या व १९२३ पासून पोलादी कपाटे तेथे होऊ लागली. वाळवी व उंदीर यांना लाकडी कपाटातील चोपड्या आणि वस्त्रे सहज बळी पडत. पोलादी कपाटाने ती चिंता मिटविली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी (१९५१-५२) लाखो पोलादी मतपेट्याही याच संस्थेच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. कीर्ती एवढी वाढली, की कोणत्याही लोखंडी कपाटास लोक ‘गोदरेज’च म्हणू लागले. वास्तविक तशी कपाटे अन्यत्रही होत. हैदराबादेत १९४२ मध्ये स्थापन झालेला ऑल्विन कारखाना पोलादी फर्निचर बनवीत असे, आणि गावोगावचे लहान कारखानदार निराळेच. सारांश, नुसते नाव हा पुरावा नव्हे.

कापडाच्या धंद्यात ताग्याच्या टोकावरील गिरणीचा छाप पाहिल्याविना आम्ही मालाची खात्री देत नाही. तोच न्याय येथे लावला. दारावर पट्टी नव्हती. तिची दोन छिद्रे रंगाखाली बुजली होती. अखेर चोरकप्प्याच्या मागे एक लहानशी पितळी पट्टी सापडली. चिंचेने घासताच अक्षरे उमटली. नाव हैदराबादच्या एका अपरिचित कारखान्याचे होते, आणि शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे शब्द होते.

वाणिज्य शाखेचे शिक्षण येथे उपयोगी पडले. १९१३ च्या कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीच्या नावाअखेर केवळ ‘लिमिटेड’ पुरेसे असे. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिण्याचे बंधन १९५६ च्या कायद्याने, म्हणजे १ एप्रिल १९५६ पासून आले. अर्थात कपाट स्वातंत्र्यापूर्वीचे असणे संभवत नव्हते. पत्त्यात सहा आकडी पिनकोड नव्हता. ती पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तेव्हा कपाट बहुधा या दोन तारखांमधील असावे, असा तर्क केला.

मग जुन्या चोपड्या काढल्या. विक्रम संवत २०१५ च्या, म्हणजे १९५८ च्या दिवाळीनंतरच्या रोजमेळात तीर्थरूप वडिलांच्या हस्ताक्षरात ‘लोखंडी कपाट, हैदराबाद’ अशी नोंद मिळाली. रक्कम तीन हप्त्यांत चुकती केली होती. लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व पुढे त्याच नावाच्या राज्यात होते. खरेदीस तिकडे जाण्याची व्यापाऱ्यांची सवय राज्य बदलले तरी मोडली नव्हती.

खरे सांगावयाचे तर क्षणभर मन खट्टू झाले. आजोबांची गोष्ट गेली आणि किंमतही गेली. व्यापाऱ्यास पट्टी दाखविताच तो भंगाराच्या वजनावर आला. धाकटे बंधू म्हणाले, “दादा, पट्टी कोणी पाहिली असती?” मी त्यांस एवढेच म्हटले, “आपण पाहिली ना!”

परंतु जे गेले त्याहून अधिक मिळाले. ज्या वडिलांनी स्वतःच्या कष्टाची गोष्ट कधी सांगितली नाही, त्यांचे ते तीन हप्ते आम्हांस प्रथमच दिसले. कपाट विकले नाही. आज त्यात त्याच चोपड्या ठेवल्या आहेत.

सुज्ञ वाचकांस नम्र विनंती, की घरातील जुने कपाट भंगारात देण्यापूर्वी त्याची पट्टी, कुलूप, चोरकप्पा व आपली जुनी वही एकदा अवश्य पाहावी. इत्यलम्.