कयाक आला, पण त्याच्याबरोबरचं शिक्षण मागेच राहिलं

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातला पोरगा हल्ली गळकाठी घेऊन रंगीत प्लास्टिकच्या कयाकवर बसून दर्यात जातो, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

पर्यटकांना खाडीत फिरवायला आणलेले कयाक आता मासे पकडायला बाहेर जायला लागलेत. कोणी जुना विकत घेतो, कोणी ऑनलाइन मागवतो. दोन व्हिडिओ बघायचे आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सुरमईच्या मागे. या हौसेला माझा विरोध नाही. डिझेल नाही, आवाज नाही, एका माणसाच्या ताकदीवर चालणारी होडी, मला तर आवडते. पण बातमीदारीत इतकी वर्षं काढली आहेत, आणि "अजून आला नाही हो" म्हणत बंदरावर ताटकळलेली माणसं बघितली आहेत. म्हणून या होडीचा इतिहास सांगतो. ती कोणी बनवली, कशासाठी बनवली, आणि ती चालवायला शिकायला त्यांना किती वर्षं लागायची, हे माहीत असलेलं बरं.

कयाक हा मुळात खेळ नव्हताच. ग्रीनलंड आणि आर्क्टिकच्या इतर भागांतल्या इन्युइट लोकांची ती शिकारीची होडी. त्यांच्या भाषेत 'कायाक'. झाडं नाहीत, म्हणून समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. कातडं बायका शिवायच्या, आणि त्या टाक्यांवर नवऱ्याचा जीव असायचा. होडी दुकानात मिळायची नाही. ज्याची त्याने आपल्या अंगाच्या मापाने करायची, हात किती लांब, कंबर किती रुंद त्यावर. अंगात सीलच्या कातड्याचा डगला, त्याचा खालचा घेर होडीच्या तोंडावर घट्ट बांधलेला. उलटला तरी आत पाणी नाही, आणि माणूस बाहेर न पडता वल्ह्याच्या एका फटक्यात परत सरळ. यालाच आज 'रोल' म्हणतात. तो एक प्रकार नाही, ढीगभर आहेत. वल्हं हातातून गेलं तर कसं, एक हात दोरीत अडकला तर कसं, प्रत्येक संकटाचा वेगळा रोल. मुलगे लहानपणापासून हे शिकायचे.

त्यांच्या हत्यारातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. भाल्याची दोरी ते होडीला बांधून ठेवत नसत. दोरीच्या टोकाला सीलच्या कातड्याचा हवा भरलेला फुगा असायचा. जखमी जनावर ओढणार ते फुग्याला, शिकाऱ्याला नाही. आज आपला पोरगा गळाचा दोरा मनगटाला गुंडाळून बसतो. मोठा मासा लागला की कोण कोणाला ओढणार?

आणि एवढं शिकूनही माणसं जायचीच. ग्रीनलंडच्या जुन्या नोंदींत कर्त्या पुरुषांच्या मृत्यूचं एक मोठं कारण कयाकवरचे अपघात हेच आहे. त्याशिवाय एक विचित्र दुखणं होतं, त्यावर डॅनिश डॉक्टरांनी बरंच लिहून ठेवलंय. समुद्र आरशासारखा शांत, ऊन डोळ्यांवर, शिकारी एकटा बसलेला. अचानक त्याला वाटायला लागतं की होडी एका बाजूला कलतेय, खाली पाणी भरतंय. हात उचलत नाही, वल्हं मारता येत नाही. वादळात नाही बरं का, शांत पाण्यात! चांगले मुरलेले शिकारी यातून जायचे, काहींनी त्यानंतर समुद्राचं नावच टाकलं. यावर उतारा काय? दुसरा कयाक जवळ आला, कोणी हाक मारली, की माणूस सावरायचा. बस, एवढंच.

आता एका गोऱ्या माणसाची गोष्ट. जिनो वॉटकिन्स, इंग्लंडचा शोधप्रवासी. 1930-31 च्या मोहिमेत तो ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून कयाक शिकला, रोलही शिकला, आणि नावाजण्याइतका चांगला शिकला. 1932 मध्ये तो परत गेला, बरोबर तिघे साथीदार. पैसा कमी, म्हणून अन्न बरंचसं शिकारीतून मिळवायचं ठरलेलं. 20 ऑगस्ट 1932 ला तो सीलच्या शिकारीला कयाक घेऊन एकटाच गेला. साथीदारांना त्याचा रिकामा कयाक तरंगताना सापडला. पँट आणि पट्टा बर्फाच्या एका लादीवर. तो स्वतः कधीच सापडला नाही. वय 25.

हातात कसब होतं, होडी चांगली होती, शरीर तरुण होतं. बरोबर दुसरी होडी तेवढी नव्हती.

ग्रीनलंडबाहेर ही विद्या हळूहळू गेली. 1927 मध्ये हान्स पावलाटा नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने बाहेरच्या माणसाचा पहिला नोंदलेला रोल केला. पण समुद्रावर मासे पकडणाऱ्या हौशी लोकांचा कयाक आला तो पुढे, कॅलिफोर्नियातून. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला टिम नीमियरने वर बसायचा कयाक काढला. आत शिरायचं नाही, वरच्या खोलगट भागात बसायचं, आणि आलेलं पाणी तळाच्या आरपार भोकांतून आपोआप निघून जातं. पुढे तो साच्यातल्या प्लास्टिकचा झाला, स्वस्त झाला, जगभर पसरला. आपल्या किनाऱ्यावर दिसतो तो याच जातीचा. 1997 मध्ये होबी कंपनीने पायाने चालवायचं पेडल आणलं. हात मोकळे झाले, म्हणजे गळ टाकायला सोयीचं. आणि माणूस न दमता आणखी लांब जायला लागला. हा फायदा आहे की तोटा, ते परत येताना कळतं.

या नव्या कयाकची मोठी सोय म्हणजे रोल यायची गरजच नाही. उलटला तर माणूस पाण्यात पडतो आणि परत वर चढतो. गोची इथेच झाली. रोल शिकायची गरज संपली, तर लोकांनी चढायला शिकणंही सोडून दिलं. पहिल्या दिवशी गळकाठी घरी ठेवा. खाडीत, भरती चढत असताना, छातीएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटा. मग होडी सरळ करायची, मध्यावर पोट टेकून आडवं पडायचं, पाय मारत अंग वर घ्यायचं, कुशीवर वळून बसायचं, मग पाय आत. ऐकायला सोपं आहे. दहा वेळा करा, मग पाय टेकत नाहीत अशा पाण्यात करा, मित्र शेजारी ठेवून. दमलेल्या अंगाने जमत नसेल तर दर्या अजून तुमचा नाही. आणि होडीच्या मागच्या टोकाचं बूच लावलंय का, ते रोज बघा. बूच विसरलं की पोकळ होडीत पाणी भरतं आणि बराच वेळ कळतही नाही.

लाइफ जॅकेटबद्दल मी बोललो की लोक हसतात. "आम्ही किनाऱ्यावरचे, आम्हाला पोहता येतं." 9 फेब्रुवारी 1861 ला इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात वादळात अडकलेल्या जहाजांवरची माणसं वाचवायला एक बचावनौका गेली. पुन्हा पुन्हा गेली, आणि शेवटी उलटली. तेरा जणांपैकी बारा गेले. सगळे दर्यावर्दी, समुद्रात जन्म काढलेले. एकटा हेन्री फ्रीमन वाचला. त्याच्या अंगात नव्या धर्तीचं बुचाचं जॅकेट होतं. अंगात, होडीत ठेवलेलं नव्हे. आपल्याकडे भाड्याच्या कयाकबरोबर मिळणारी जॅकेटं कधी हातात घेऊन बघा. रंग उडालेला, बकल तुटलेलं, आतला फोम चुरा झालेला. फोटोपुरती ती चालतात.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. ग्रीनलंडला थंडी मारते, इथे पाणी कोमट आहे. इथे मारतो वारा, आणि तोही शांत दिसून. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. किनाऱ्यालगत पाणी तेलासारखं सपाट, लाट नाही. नवशिक्याला वाटतं, वा, काय दिवस आहे. वारा पाठीशी, कयाक आपोआप पळतोय. दोन किलोमीटर बाहेर गेल्यावर मागे वळतो, तर वारा तोंडावर. नवीन माणूस ताशी चार-पाच किलोमीटर वल्हवतो, त्यातला निम्मा वेग वारा खातो. दुपारी खारा वारा सुटला की ढकलणार किनाऱ्याकडे, पण तोवर लाटा उभ्या राहतात. म्हणून जाताना वारा तोंडावर घेऊन जा, येताना तो आणून सोडेल.

भरतीचं गणित आपल्या आजोबांना तोंडपाठ होतं. तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला. हा मुंबईकडचा ठोकताळा, आपल्या बंदराला किती पुढेमागे ते बंदरावरच्या म्हाताऱ्यांना विचारा. पुनवेला-अवसेला उधाण, मधे भांग. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि समोरून वारा येत असतो, तिथे उभ्या लाटा उठतात. तिथून कयाक काढू नये. कोळी लोक वेळ बघून तोंडातून बाहेर पडतात, उगाच नाही.

आपल्याकडेही छोट्या होडीचं शास्त्र होतंच. उलांडी बघितलीय ना? होडीच्या एका बाजूला दांड्यांवर बांधलेलं तरंगतं लाकूड. अरुंद होडी कलंडू नये म्हणून. परदेशात मासेमारीच्या कयाकला आता तशाच तरंगत्या नळ्या लावून विकतात, चांगले पैसे घेऊन.

मे महिन्यात तर वारा नसतानाही लांबून फुगवटा येतो, दक्षिणेकडच्या दूरच्या वादळांचा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज रोज देते, फुकट, मोबाइलवर. तो न बघता जाऊ नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. वल्ह्याच्या होडीला ती लागू नाही, आणि मी काही जणांना हाच मुद्दा अभिमानाने सांगताना ऐकलंय. अरे बाबांनो, दर्याला जीआर कळतो का? आपल्या कोळी बांधवांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवायची पद्धत पाडली, ती काही शासन निर्णय वाचून नाही.

बाकी थोडक्यात. नांगर कयाकच्या बाजूला बांधू नका, नेहमी टोकाला, आणि दोर कापायला सुरी अंगावर. शिंगाळा लागला तर मांडीवर घेऊ नका, त्याचा काटा आयुष्यभर लक्षात राहतो. पाकटाचा दोरा तिथेच कापा. शिट्टी जॅकेटला. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि खिशात, कारण पडल्यावर होडी वाऱ्याने निघून जाते आणि फोन तिच्याबरोबर. उलटलात तर होडी सोडू नका, पोहत किनारा गाठायच्या भानगडीत पडू नका. पाण्यात डोकं कोणाला दिसत नाही, पिवळा कयाक दिसतो. निघताना घरी सांगून जा, कुठे आणि किती वाजता परत. तटरक्षक दलाचा नंबर 1554, सागरी पोलिसांचा 1093. आत्ता सेव्ह करा, नंतर नको.

आणि एक मागणी. व्यावसायिक जलक्रीडेला मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते, ती देताना एक अट वाढवा. कयाक भाड्याने देण्याआधी गिऱ्हाइकाला अर्धा तास उथळ पाण्यात पाडायचं आणि परत चढवून घ्यायचं. प्रत्येक जेट्टीवर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ आणि हे दोन नंबर लिहिलेला फळा लावा. खर्च खडूचा. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे, आपापल्या गावात तुम्हीही द्या. बंदरावरच्या जुन्या तांडेलांना घेऊन जा, त्यांच्यासमोर नाही म्हणणं जड जातं.