ससून इस्पितळांतील ती रात्र

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, राज्याभिषेक आणि परिषदा हेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. शाळेंत मुलांना इतिहास शिकवितांना मीही वर्षानुवर्षें हींच प्रकरणें शिकवीत आलों. परंतु राष्ट्राच्या इतिहासाचीं कांहीं पानें रुग्णशय्येवरही लिहिलीं जातात. आणि तीं आपल्या घरच्या अनुभवाच्या इतकीं जवळचीं असतात कीं, तीं वाचतांना आपणच त्या खाटेशेजारीं बसलों आहोंत असें वाटूं लागतें. अशाच एका पानाविषयीं आज बोलावयाचें आहे. तें पान आहे ता. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीचें. स्थळ पुण्याचें ससून इस्पितळ, आणि रुग्ण म्हणजे येरवड्याच्या तुरुंगांतील चौपन्न वर्षांचे कैदी मोहनदास करमचंद गांधी.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. ता. १८ मार्च १९२२ रोजीं अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनीं गांधीजींना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा देतांना त्यांनीं लोकमान्य टिळकांच्या १९०८ सालच्या खटल्याचा दाखला पुढें ठेवला होता. पुढें गांधीजी येरवड्यास आले. सूत कातणें आणि वाचन यांत जवळजवळ दोन वर्षें निघून गेलीं. १९२३ च्या नोव्हेंबरांत ते दक्षिण आफ्रिकेंतील सत्याग्रहाचा इतिहास तोंडानें सांगूं लागले व सहकैदी इंदुलाल याज्ञिक तो उतरून घेऊं लागले. हें काम अर्धवट असतांच १९२४ च्या जानेवारींत त्यांच्या पोटांत तीव्र वेदना सुरू झाल्या. पुण्याचे सर्जन कर्नल मॅडॉक यांनीं त्यांना तपासलें, आंत्रपुच्छदाहाचें, म्हणजे आपण ज्याला अपेंडिसायटिस म्हणतों त्याचें, निदान केलें आणि १२ तारखेस त्यांना ससूनमध्यें आणलें.

हा रोग त्या काळीं किती भयंकर मानला जाई, हें आज ध्यानांत येणें थोडें कठीण आहे. मोठ्या आंतड्याच्या आरंभाशीं बोटाएवढी एक नळी असते. तिचें एक टोंक बंद असतें. आंत अडथळा होऊन ती सुजली, तर कांहीं तासांत किंवा दिवसांत फुटण्याचा संभव असतो. आणि फुटली कीं पू सर्व पोटांत पसरतो. ह्या विकाराचें मूळ ह्या नळींत आहे, हें बोस्टनच्या डॉ. फिट्झ यांनीं १८८६ सालीं स्पष्ट करून दाखविलें. तोंपर्यंत अशा रोग्यास 'पोटशूळ' म्हणून शेकत बसण्यापलीकडे फारसें कांहीं होत नसे. १९०२ सालीं इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांना राज्याभिषेकाच्या अगदीं तोंडावर हाच विकार झाला. ता. २६ जूनचा समारंभ पुढें ढकलावा लागला. २४ जूनला सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनीं राजवाड्यांतच शस्त्रक्रिया करून पू काढला, आणि ९ ऑगस्टला राजाच्या मस्तकावर मुकुट चढला. त्या घटनेमुळें ह्या शस्त्रक्रियेवरचा लोकांचा विश्वास पुष्कळ वाढला. तरी १९२४ सालीं पेनिसिलिन अद्याप जन्मास यावयाचें होतें. त्याचा शोध १९२८ चा, आणि रोग्यांच्या हातीं तें पडलें १९४० नंतर. जखमेंत विष भिनलें तर शस्त्रवैद्यापाशीं स्वच्छता आणि रोग्याची स्वतःची शक्ति एवढेंच भांडवल होतें.

आतां त्या सायंकाळीं ससूनमध्यें किती गांठी एकदम पडल्या होत्या तें पाहा. पहिली गांठ रोग्याच्या मनांतली. १९०९ सालीं लिहिलेल्या 'हिंद स्वराज्य' ह्या पुस्तकांत गांधीजींनीं डॉक्टर आणि इस्पितळें यांवर कडक टीका केली होती. डॉक्टर रोग बरा करतो, त्यामुळें माणूस संयम शिकत नाहीं, असा त्यांचा मुख्य आक्षेप. तोच लेखक आतां इस्पितळाच्या खाटेवर होता. दुसरी गांठ शस्त्रवैद्याची. मॅडॉक हे सरकारी नोकरींतले इंग्रज अधिकारी, आणि रोगी त्याच सरकारचा सर्वांत मोठा कैदी. शस्त्रक्रिया न केली तर प्राण जाण्याचें भय. करून कांहीं विपरीत झालें तर सरकारनेंच घात केला असें लोक म्हणणार. तिसरी गांठ विश्वासाच्या माणसांची. मुंबईचे डॉ. दलाल आणि बडोद्याचे डॉ. जीवराज मेहता हे आपल्याजवळ असावेत अशी गांधीजींची इच्छा होती. डॉ. दलालांनीं पूर्वीं त्यांच्यावर उपचार केलेले होते. सरकारनें ह्या डॉक्टरांना बोलावण्यास मुभाही दिली. पण ते वेळेवर पोहोंचण्यासारखे नव्हते, आणि रोग थांबण्यास तयार नव्हता.

अशा वेळीं मदतीस आले ते पुण्याचे डॉ. फाटक आणि भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री. शास्त्री हे गोखल्यांचे वारस, नेमस्त पक्षाचे. असहकारितेस त्यांचा उघड विरोध होता. परंतु राजकारणांतील हा दुरावा त्या रात्रीं आड आला नाहीं. गांधीजींच्या संमतीचें निवेदन शास्त्र्यांनीं स्वतः लिहून काढलें आणि त्यांना वाचून दाखविलें. डॉक्टर व अधिकारी आपल्याशीं अत्यंत आस्थेनें वागत आहेत, कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, आणि शस्त्रक्रिया आपल्या संमतीनेंच होत आहे, असा त्याचा आशय होता. गांधीजींनीं गुडघे उंच करून त्यावर कागद ठेवला आणि पेन्सिलीनें सही केली. हात थरथरत होता. आपला हात कसा कांपतो आहे हें त्यांनीं मॅडॉकना हंसत दाखविलें, आणि आतां हें तुम्हांलाच ठीक करावें लागेल असें सुचविलें. मॅडॉकनींही, तुमच्या अंगांत आम्ही वाटेल तेवढी शक्ति भरूं, अशा अर्थाचें उत्तर दिलें.

ह्या लहानशा संभाषणाकडे माझें मन वारंवार ओढलें जातें. दोघेही एकमेकांचे राजकीय शत्रु. गांधीजींनीं त्याही अवस्थेंत शास्त्र्यांना सांगितलें कीं, सरकारशीं माझें भांडण आहे आणि कारणें दूर होईपर्यंत तें राहीलच. म्हणजे मत सोडलेलें नाहीं, वैर झांकलेलें नाहीं. तरीही सुरी ज्याच्या हातीं द्यावयाची त्याच्यावर विश्वास मात्र पुरता टाकलेला आहे. आजारी माणसाचें धैर्य आपण बहुधा वेदना सोसण्यावरून मोजतों. मला वाटतें, दुसऱ्याच्या हातीं आपला देह निःशंकपणें सोंपविणें हें त्याहून अवघड धैर्य आहे. आणि तें दाखविणारा रोगी डॉक्टरांच्या डोक्यावरचें अर्धें ओझें उतरवितो.

शस्त्रक्रिया त्याच रात्रीं झाली. बाहेर वादळी पाऊस चालला होता. गुंगी दिलेली, पोट उघडलेलें, आणि ऐन वेळीं विजेचा दिवा गेला. हातबत्तीवर काम चालविलें, तर तीही विझली. शेवटीं साध्या रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडांत मॅडॉकनीं आंत्रपुच्छ कापून काढलें व शस्त्रक्रिया पुरी केली. तो कंदील हातीं धरणारा जो कोणी असेल, त्याचाही त्या यशांत वांटा आहे. आणि ज्या इमारतींत हें सर्व घडलें ती बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून नांवाच्या यहुदी व्यापाऱ्याच्या देणगींतून उभी राहिलेली, १८६७ सालीं पुरी झालेली. दाता १८६४ सालींच पुण्यास वारला होता. आपण कोणाचे प्राण वांचविण्यास साह्य करणार आहोंत, हें देणगी देतांना त्याला काय ठाऊक! परंतु मोठ्या दुखण्यांतून उठलेल्या प्रत्येक माणसामागें अशीं कितीतरी माणसें असतात. त्यांतलीं पुष्कळशीं त्यानें कधीं पाहिलेलींही नसतात.

पुढची गोष्ट मात्र आपण नेहमीं घाईनें सांगतों. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, रोगी बरा झाला, कथा संपली! प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं. जखमेशेजारीं गळूं धरलें आणि ती भरण्यास अपेक्षेहून अधिक काळ लागूं लागला. कस्तुरबा आल्या, पुत्र देवदास आले. दीनबंधु अँड्र्यूजही सेवेस येऊन राहिले. ता. ५ फेब्रुवारीस सरकारनें कोणतीही अट न घालतां गांधीजींना मुक्त केलें. दोन दिवसांनीं काँग्रेसचे अध्यक्ष महंमद अली यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं कळविलें कीं, आजारामुळें झालेल्या सुटकेचा आपणांस आनंद वाटत नाहीं. परंतु त्याच पत्रांत मॅडॉक, त्यांचे साहाय्यक आणि परिचारिका यांचे आभार त्यांनीं मनापासून मानले, आणि तुरुंग व इस्पितळ ह्या दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांच्या आस्थेचाही उल्लेख केला. ससून सोडून ते मुंबईजवळ जुहूस गेले तेव्हां मार्च महिना उजाडला होता. म्हणजे इस्पितळांतच जवळजवळ दोन महिने गेले! आज दुर्बिणीच्या साहाय्यानें हीच शस्त्रक्रिया होते आणि रोगी बहुधा दोन-तीन दिवसांत घरीं परततो.

जुहूच्या समुद्रकांठीं शेठ नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यांत ते मे अखेरपर्यंत राहिले. शक्ति हळूहळू येत होती आणि कामही त्याच मापानें वाढत होतें. तुरुंगांत अर्धवट राहिलेल्या त्या इतिहासाची प्रस्तावना ता. २ एप्रिल १९२४ ची आहे आणि तिच्याखालीं स्थळ 'जुहू' असें आहे. त्याच महिन्यांत 'यंग इंडिया' व 'नवजीवन' या पत्रांचें संपादन त्यांनीं पुन्हां हातीं घेतलें. कौन्सिलप्रवेशाविषयीं मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशीं वाटाघाटी झाल्या त्याही तेथेंच.

अर्थात् त्यांच्या वाचकांनीं त्यांना सोडलें नाहीं. डॉक्टरांची एवढी निंदा करणाऱ्यानें शस्त्रक्रिया कशी करवून घेतली, असा प्रश्न आलाच. गांधीजींनीं त्यावर पांघरूण घातलें नाहीं. शस्त्रक्रियेस मान तुकविणें ही मनाची दुर्बलता होती, ह्या देहांत जगण्याची इच्छा आपणांस जिंकतां आली नाहीं, असें त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें. श्रोतेहो, मला ह्या ठिकाणीं महात्माजींहून निराळें वाटतें, आणि तें मी नम्रपणें सांगतों. जगण्याची इच्छा ही दुर्बलता खरी, पण तिच्याच आधारावर रोगी उद्यांचा दिवस पाहतो. त्या इच्छेनें त्यांना आणखी चोवीस वर्षें दिलीं. १९३० ची दांडीयात्रा आणि १९४२ ची हांक हीं त्याच वर्षांतलीं.

कृतज्ञता मात्र त्यांनीं कधीं विसरूं दिली नाहीं. १९३१ सालीं गोलमेज परिषदेकरितां ते इंग्लंडास गेले, तेव्हां वेळांत वेळ काढून ते कर्नल मॅडॉक यांना भेटून आले. आणि १९४७ च्या मे महिन्यांत पाटण्यास त्यांची नात्यानें नात लागणारी मनु हिला हाच विकार झाला. आरंभीं त्यांनीं मातीच्या पट्ट्यांसारखे निसर्गोपचार करून पाहिले. पण रोग ओळखतांच शस्त्रक्रियेस संमति दिली आणि तोंडावर पट्टी बांधून स्वतः तिच्याजवळ बसले. तेवीस वर्षांपूर्वीं जो आधार आपणांस मिळाला, तोच त्यांनीं त्या मुलीला दिला.

मी साकोलीसारख्या ठिकाणीं राहतों. येथून नागपूर सुमारें शंभर किलोमीटर. आमच्या ह्या तलावांच्या मुलुखांत कोणावर मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची म्हणजे नागपूर किंवा सेवाग्राम गांठावें लागतें. मग एक भाऊ रोग्याजवळ राहतो, दुसरा रक्त देतो, नागपूरचा कोणी आप्त दोन वेळचा डबा पोहोंचवितो, आणि इकडे शेजारी त्याच्या बांधींत धानाचें रोवणें उरकून देतो. शहरांतील सुशिक्षित घरांत पैसा आणि सोयी अधिक. पण असे हात कधीं कधीं कमी पडतात. तेथें भेटीस येणारे पुष्कळ, प्रत्येकाचा निराळा सल्ला, आणि निर्णय मात्र उद्यांवर! ससूनच्या त्या रात्रीं उलट घडलें. निर्णय कांहीं तासांत झाला, रोग्याला सर्व सांगून झाला, डॉक्टर एकच ठरला, आणि मतभेद असलेला स्नेही रोग्याच्या वतीनें लेखणी घेऊन बसला. नंतर बरें होण्यासाठीं चार महिने लागले तेव्हां ते चार महिने त्यांना मिळूं दिले गेले.

ससूनमधील ती शस्त्रक्रियेची खोली आज स्मारक म्हणून जपून ठेवलेली आहे. पुण्यास जाण्याचा योग आल्यास मुलांना ती अवश्य दाखवावी. आणि आपल्या घरीं कोणावर असा प्रसंग आला, तर उपदेश बाजूस ठेवून, ज्याला जें जमेल तें काम त्यानें उचलावें. कोणी कागद लिहावा, कोणी डबा न्यावा, आणि दिवा गेलाच तर कोणी कंदील धरावा.