चुना कोणी लावला?

रस्त्यावरची चित्रं आणि जहाल राजकारण या दोन्हींची ओढ असलेल्या कुणा तरुणाने ‘काय वाचू?’ म्हणून विचारलं, की आमच्या वर्तुळात उत्तर ठरलेलं असतं. आधी ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सीचं ‘वॉल अँड पीस’. मग मार्था कूपर आणि हेन्री शालफंट यांचं ‘सबवे आर्ट’. त्यानंतर जगभरच्या भिंतींचा एखादा जाडजूड, गुळगुळीत कागदावरचा अल्बम. विचारणारा खूश, सांगणारा खूश. हीच यादी मीही दोन-चार जणांना दिली आहे. तेव्हा पुढे जे खंडन येतं आहे, त्यातलं थोडं माझं स्वतःचंच आहे.

पूर्वपक्ष नीट मांडायचा तर तो असा. ही कला डोळ्यांची. आर्ट गॅलरीत कधी पाय न ठेवलेल्या, रस्त्याने चाललेल्या माणसासाठी ती काढलेली असते. तिला प्रस्तावना आणि तळटीपा कशाला? परवानगी न घेता भिंत रंगवणं हीच बंडखोरी, म्हणजे चित्र पाहिलं की राजकारणही पाहून झालं. शिवाय ही चित्रं चार दिवसांत पुसली जातात, तेव्हा छायाचित्रांचं पुस्तक हाच त्यांचा वारस.

यातला शेवटचा मुद्दा वजनदार आहे. १९८४ साली ‘सबवे आर्ट’ निघालं नसतं, तर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे ते रंगवलेले डबे आज कुणाला दिसले असते? युरोपातल्या पोरांनी हेच पुस्तक पुढ्यात ठेवून अक्षरं गिरवली. एका अल्बमने इतिहास घडवला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही ही यादी चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. चित्र काढणारा एक असतो. भिंत ज्याच्या मालकीची तो दुसरा, पुसायचा हुकूम सोडणारा तिसरा, आणि चुन्याची बादली घेऊन येणारा, बहुधा रोजंदारीवरचा, चौथा. राजकारण या चौघांमध्ये घडतं. अल्बममध्ये यांतल्या पहिल्याचं काम तेवढं दिसतं.

न्यूयॉर्कचंच घ्या. ‘सबवे आर्ट’च्या दोन वर्षं आधी, १९८२ साली, क्रेग कॅसलमनचं ‘गेटिंग अप’ प्रसिद्ध झालं. ते आमच्या यादीत कधीच नसतं, कारण त्यात बघण्यासारखं कमी आणि वाचण्यासारखं जास्त. दहा डब्यांची अख्खी गाडी एका रात्रीत कशी रंगवली, हे त्यात रंगवणारी पोरंच सांगतात. पण कॅसलमन तिथे थांबत नाही. तो रेल्वेच्या पोलिसांकडे जातो, महापालिकेच्या राजकारणात शिरतो, रेल्वे प्रशासनाचे हिशेब बघतो. १९७७ साली कोनी आयलंडच्या यार्डात डबे रसायनाने धुवायची सोय झाली. पोरांनी तिला ‘ऑरेंज क्रश’ म्हणायला सुरुवात केली, कारण व्हिएतनामवर फवारलेलं ‘एजंट ऑरेंज’ सगळ्यांच्या ओळखीचं होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी आपल्या गावच्या धुलाईकेंद्राला युद्धातल्या विषाचं नाव द्यावं, यात जेवढं राजकारण आहे तेवढं मला कित्येक प्रसिद्ध भित्तिचित्रांत सापडलेलं नाही. १९८१ साली कोरोना यार्डात गाड्यांना पांढरा रंग दिला गेला आणि भोवती दुहेरी कुंपण घालून मधल्या पट्ट्यात कुत्री सोडली गेली. डबा रंगवू नये म्हणून सरकारनेच आधी तो पांढरा रंगवून ठेवला! यातली गंमत फोटोत येत नाही, तिला वाक्य लागतं.

कॅसलमनच्या शेजारी जो ऑस्टिनचं ‘टेकिंग द ट्रेन’ ठेवावं. ते २००१ चं. डब्यांवरची नावं हे ‘शहरावरचं संकट’ आहे, असं वृत्तपत्रांनी आणि महापौरांनी लोकांच्या मनावर कसं ठसवलं, याची त्यात पायरी-पायरीने मांडणी आहे. तिसरं पुस्तक नाही, लेख आहे, आणि तो शत्रुपक्षाचा: जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा ‘ब्रोकन विंडोज’, मार्च १९८२. एक फुटकी काच तशीच राहू दिली की सगळी वस्ती हाताबाहेर जाते, हा त्यातला सिद्धांत. पुढे कित्येक शहरांच्या पोलिसांनी तो उचलला. तो न वाचता भिंतीवरच्या चित्राची बाजू घेणं म्हणजे फिर्याद न ऐकता वकिली करणं.

भिंतीवरच्या लिखाणाविरुद्धच्या या मोहिमेची किंमत कोणी मोजली? १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मायकल स्ट्यूअर्ट नावाच्या पंचवीस वर्षांच्या काळ्या तरुणाला न्यूयॉर्कच्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू स्थानकात पकडलं. आरोप एवढाच, की त्याने भिंतीवर काहीतरी लिहिलं. पोलिसांच्या ताब्यात असतानाच तो बेशुद्ध पडला आणि तेरा दिवसांनी वारला. सहा पोलिसांवर खटला चालला. १९८५ साली सगळे सुटले. चित्रकार झां-मिशेल बास्कियाने त्या मृत्यूचं चित्र काढलं ते कॅनव्हासवर नाही, दुसरा चित्रकार कीथ हेरिंग याच्या स्टुडिओच्या भिंतीवर. हेरिंगने पुढे तेवढा तुकडा कापून घेतला आणि जवळ ठेवला. २०१९ साली गुगेनहाइम संग्रहालयात शेड्रिया लाबूव्हिए यांनी या एका चित्राभोवती प्रदर्शन उभं केलं आणि ‘बास्कियाज डीफेसमेंट’ हे पुस्तक सिद्ध केलं. ‘डीफेसमेंट’ म्हणजे विद्रूपण. कायद्याच्या भाषेत भिंतीचं. या चित्रात एका माणसाचं. मला एकच पुस्तक सुचवायला सांगितलं तर मी हे सुचवेन.

आता बंडखोरीच्या गृहीतकाकडे वळतो. भिंत रंगवली की ती आपोआप जहाल होते, हे खरं नाही. बिल रोलस्टन यांचं ‘ड्रॉइंग सपोर्ट’ (१९९२) उत्तर आयर्लंडच्या भिंतींबद्दल आहे. तिथल्या भित्तिचित्रांची परंपरा सुरू झाली १९०८ च्या सुमारास, आणि ती सुरू केली ब्रिटिश राजनिष्ठ प्रोटेस्टंटांनी. विषय होता पांढऱ्या घोड्यावरचा राजा विल्यम आणि १६९० सालच्या लढाईतला त्याचा विजय. कितीतरी दशकं भिंत ही सत्तेच्या बाजूने असलेल्यांची मिरवायची जागा होती. ब्रिटनविरोधी प्रजासत्ताकवाद्यांची चित्रं खऱ्या अर्थाने फुलली ती १९८१ च्या तुरुंगातल्या उपोषणांनंतर. एकच प्रदेश, तशाच विटा, तसाच रंग. राजकारण मात्र पूर्ण उलटं. हे नुसतं चित्र बघून कळेल?

दुसरा समज असा, की हे सगळं न्यूयॉर्कला जन्मलं आणि बँक्सीपाशी वयात आलं. लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा स्ट्रीटवर मेक्सिकोचा कम्युनिस्ट चित्रकार दाविद अल्फारो सिकेरोस याने १९३२ साली, सिमेंटवर, रंग फवारायचं यंत्र वापरून ‘अमेरिका ट्रॉपिकल’ काढलं. काम देणाऱ्याला पर्यटकांसाठी हिरवागार उष्ण कटिबंध हवा होता. सिकेरोसने मधोमध क्रुसावर चढवलेला आदिवासी माणूस काढला आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकी गरुड बसवला. रस्त्यावरून दिसणारा भाग लवकरच पांढरा झाला आणि पुढच्या काही वर्षांत उरलेलंही झाकलं गेलं. पण चुना कायमचा नसतो. साठच्या दशकाच्या अखेरीस पोपडे सुटू लागले आणि तो माणूस पुन्हा पुसटसा दिसायला लागला, नेमका मेक्सिकन-अमेरिकन तरुणांची चळवळ उभी राहत होती तेव्हा. शिफ्रा गोल्डमन या कला-इतिहासकारांनी त्याच्या जतनासाठी मोहीम चालवली. ऐंशी वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ते लोकांसाठी उघडलं. लॅटिन अमेरिकेतल्या कलेवरचं गोल्डमन यांचं ‘डायमेन्शन्स ऑफ द अमेरिकाज’ जड आहे, सलग वाचवत नाही. हवं ते प्रकरण उघडून वाचावं.

चिलीत हेच पुन्हा घडलं. सान्तियागोच्या ला ग्रान्हा भागात १९७१ साली रोबेर्तो मात्ता या नावाजलेल्या चित्रकाराने रामोना पार्रा ब्रिगेड या कम्युनिस्ट चित्रपथकाच्या पोरांबरोबर समाजवादी अयेंदे सरकारच्या पहिल्या वर्षाचं चित्र रंगवलं. १९७३ च्या लष्करी बंडानंतर त्यावर रंगाचे थरावर थर चढवले गेले. २००८ साली ते थर खरवडून चित्र वर काढलं. हुकूमशहाचा रंग जेवढा जाड, तेवढं खालचं चित्र सुरक्षित! आणि बँक्सीचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं त्या स्टेन्सिलसाठी तर एवढ्या लांब जायचीही गरज नाही: १९७० च्या आसपास कोलकात्याच्या भिंतींवर नक्षलवादी पोरं माओचा चेहरा स्टेन्सिलनेच उमटवत होती, बँक्सीच्या कितीतरी आधी.

‘पण पुस्तक केलं नाही तर हे सारं हरवेल’ या आक्षेपाला मी वर मान दिला आहे. त्याचं उत्तर मात्र पॅरिसच्या १९६८ सालच्या विद्यार्थ्यांनी आधीच देऊन ठेवलंय. कलामहाविद्यालय ताब्यात घेऊन ‘आतलिए पॉप्युलेर’ने रात्रंदिवस पोस्टर छापली, आणि त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा त्यात बजावून ठेवलं, की ही शोभेसाठी लावू नका, सौंदर्याच्या वस्तू म्हणून बघू नका, यांची जागा झगडा चालू असेल तिथे आहे. स्वतःच्याच अल्बमवर अविश्वास दाखवणारा अल्बम! याच्या उलट टोकाची गोष्ट गी दबोर या जहाल फ्रेंच लेखकाची. त्याने १९५३ साली पॅरिसच्या एका भिंतीवर ‘कधीही काम करू नका’ असं खडूने लिहिलं. कुणीतरी त्याचा फोटो काढून थट्टेच्या ओळीसकट पोस्टकार्ड छापलं. दबोरच्या मंडळींनी तो फोटो आपल्या मासिकात वापरला, तेव्हा पोस्टकार्डवाल्यांच्या बाजूने हक्काचे पैसे मागितले गेले. भिंतीवरचे शब्द फुकट, त्यांच्या फोटोला मात्र मालक.

बँक्सीलाही हा फटका बसला आहे. ‘वॉल अँड पीस’मध्ये त्याने कॉपीराइटची टिंगल केली. पुढे फुलं फेकणाऱ्या माणसाच्या चित्रावर त्याच्या कंपनीने व्यापारचिन्ह मिळवलं, आणि २०२० साली युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने ते रद्द केलं. निकालात त्याच्या त्या टिंगलीचाही दाखला आला. मला बँक्सी आवडतो, पण त्याच्या पुस्तकाइतकाच हा निकालही वाचनीय आहे.

कुणी म्हणेल, तुम्हाला चित्रांच्या पुस्तकांचाच राग दिसतो. तसं नाही. बस्मा हम्दी आणि डॉन कार्ल यांचं ‘वॉल्स ऑफ फ्रीडम’ (२०१४) हा चांगला भक्कम अल्बम आहे: इजिप्तच्या क्रांतीतल्या भिंती, पानोपानी फोटो. पण फोटोंच्या सोबत घटना येतात: कोणत्या दिवशी रस्त्यावर काय घडलं, कोण मेलं, त्यानंतर भिंतीवर काय उमटलं. कैरोच्या मोहम्मद महमूद रस्त्यावरची चित्रं सप्टेंबर २०१२ मध्ये पालिकेने पुसली, तेव्हा चित्रकार लगेच परत येऊन नवी काढू लागले. २०१५ साली या पुस्तकाच्या चारशे प्रती अलेक्झांड्रियाच्या कस्टमने अडवल्या. आरोप चिथावणीचा. नुसत्या सुंदर अल्बमवर कस्टमवाले वेळ घालवत नाहीत.

आणि चुना नेहमी सरकारच लावतं असंही नाही. इटलीतल्या बोलोन्या शहरात २०१६ साली रस्त्यावरच्या चित्रांचं एक मोठं प्रदर्शन भरत होतं. भिंतींवरची चित्रं काढून आत आणली जात होती. ब्लू या चित्रकाराने त्या शहरातली आपली वीस वर्षांची चित्रं मित्रांच्या मदतीने स्वतःच करड्या रंगाने पुसून टाकली. न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवरची चित्रं २०१३ साली तिच्या मालकाने रातोरात पांढरी केली, २०१८ साली न्यायालयाने २१ कलावंतांना ६७ लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. म्हणजे ज्याने चुना लावला त्यालाच लागला.

आपल्याकडे या विषयावर काय वाचावं, असा प्रश्न येतोच. सुरुवात महाराष्ट्राच्या मालमत्ता-विद्रूपण प्रतिबंधाच्या १९९५ च्या कायद्यापासून करावी. दुसरं वाचन दिल्ली उच्च न्यायालयाचा शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या खटल्यातला २००५ चा निकाल. विज्ञान भवनातलं त्यांचं कांस्य भित्तिशिल्प सरकारने उतरवलं आणि त्याची मोडतोड झाली. न्यायालयाने ते कलावंताला परत दिलं, वर पाच लाखांची भरपाई. पण सेहगलांना काम सरकारनेच दिलं होतं. झोपडपट्टीच्या भिंतीवर निळीने ‘जय भीम’ लिहिणाऱ्याला कोणत्या कलमाचा आधार? त्याच्यासाठी गॅरी टार्टाकोव्ह यांनी संपादित केलेलं ‘दलित आर्ट अँड व्हिज्युअल इमेजरी’ (२०१२) वाचावं. ते इंग्रजीत आहे आणि मराठीत त्याच्या तोडीचं काही माझ्या हाती लागलेलं नाही, ही लाजेची गोष्ट.

२००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत तुळशी पाइप रोडच्या रेल्वेच्या भिंतीवर शेकडो हौशी-व्यावसायिक हातांनी चित्रं काढली, महापालिकेच्या परवानगीने. चित्रं छान होती. त्या रस्त्याचं अधिकृत नाव सेनापती बापट मार्ग. पॅरिसहून बॉम्ब बनवायची कृती आणणारा आणि मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी टाटांच्या धरणाविरुद्ध उभा राहिलेला माणूस तो. त्याच्या नावाच्या रस्त्यावर आपण अर्ज करून रंगवलं.

तेव्हा पुस्तक विकत घेण्याआधी एक करा. कोणतंही पान उघडा आणि फोटोखालची ओळ वाचा. भिंत कुठली, चित्र कोणत्या साली काढलं आणि ते पुसलं कोणी, एवढं तिथे असेल तर पैसे द्या. नसेल तर दुकानातच चाळून ठेवून द्या. आणि माझी ‘गेटिंग अप’ची प्रत ज्यांनी नेली आहे, त्यांनी ती आता परत करावी. नाव मला आठवतंय.