मशीन कोणाच्या नावावर?



आमच्या घरात सध्या पाच शिलाई मशिनं आहेत आणि त्यातलं एकही या शतकातलं नाही. ह्यांच्या निवृत्तीनंतर मला हा नाद लागला. भिवंडीत जुन्या लोखंडाला तोटा नाही. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग इथे येऊन पुन्हा चालले, असं हे गाव. भंगारवाल्याकडे मागाच्या सुट्या भागांशेजारी एखादं सिंगर धूळ खात पडलेलं असतं. घरी येणाऱ्या बायका विचारतात, एवढी कशाला? त्याचं उत्तर जरा लांब आहे.

मी बी.कॉम., त्यामुळे मला मशीनपेक्षा त्याच्या विक्रीची गोष्ट जास्त आवडते. अमेरिकेत एलियास हाव यांनी १८४६ साली पेटंट घेतलं, आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली. पण ते घराघरात पोचवलं सिंगरच्या भागीदाराने, एडवर्ड क्लार्क या वकिलाने. १८५६च्या सुमारास त्याने मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. एकरकमी पैसे बाईच्या हातात कुठले असणार? पण शिवून ती महिन्याचा हप्ता काढू शकते. कॉलेजात आम्ही हप्तेबंदीच्या खरेदीची खाती पानंच्या पानं लिहिली, पण ही पद्धत रुजवण्यात शिलाई मशीनचा एवढा वाटा आहे हे कुणी सांगितलं नाही.

आपल्याकडे सिंगरचा धंदा वाढवला तो पटेल नावाच्या पारशी एजंटाने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुढे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढलं, तिथे बायका शिवण शिकू लागल्या. आपल्या समाजातल्या मगनबाईंनी मुंबईत विधवा बहिणींसाठी श्राविकाश्रम चालवला तोही साधारण याच काळात.

गांधीजी यंत्रांच्या विरोधात बोलायचे, पण १९२४ साली त्यांनी सिंगरच्या मशीनला त्यातून वगळलं. बायकोचे हाताने टाके घालण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवलं, असं ते सांगत. प्रत्यक्षात या सिंगरचे एकाहून अधिक संसार होते आणि मुलं वीसहून जास्त! बापूंना हे कुणी सांगितलं नसावं. मशीन मात्र त्यांनी बरोबर ओळखलं.

मग आली उषा. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगचं हे मशीन, नाव लाला श्रीराम यांच्या मुलीचं. माझ्या सासूबाईंचं पायाचं मशीन उषाच होतं. ब्लाउज, परकर, पोथ्यांची वेष्टनं, पूजेच्या पिशव्या, शेजारणींच्या मुलींचे फ्रॉक. दोन नणंदांच्या शाळेची फी त्यातूनच जायची. त्या गेल्यावर घरात वाटणीची यादी झाली. सोनं ग्रॅमवर मोजलं, चांदी वजनावर, तांब्यापितळेची भांडी नग मोजून लिहिली. मशीन ‘इतर सामान’ या सदरात गेलं, माळ्यावरच्या गाद्यांबरोबर. घरच्या जुन्या वह्याही मी चाळल्या. दुकानाचा आणा-पै हिशेब आहे, मशीनच्या तेलाचा आणि सुयांचा खर्च आहे. शिलाईची जमा एकाही पानावर नाही. खर्च नावे आणि जमा गायब, असा ताळेबंद कुठला ऑडिटर सही करेल?

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता, मग ती वारशाने आलेली असो, भेट मिळालेली असो की स्वतःच्या कमाईची, पूर्णपणे तिच्या मालकीची. त्यात जंगम वस्तूही आल्या, म्हणजे मशीनसुद्धा.

ते उषा मी मागून घेतलं. माझ्या संग्रहातलं ते पहिलं. त्याचा चामड्याचा पट्टा काढून रबरी बसवला. जुनं पायाचं मशीन घ्याल तर हे आधी बघा, आपल्या घरात ते चामडं कशाला? तेलही शिलाई मशीनचंच घाला. खोबरेल घातलं तर ते आत चिकट होऊन बसतं.

सिंगर असेल तर पाट्यावरचा क्रमांक वाचा. आधी ‘वाय’ अक्षर असेल तर ते १९२१ ते १९३५ या काळातलं, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९८० साली बंद पडला. माझ्याकडचं लांब शटलचं हाताचं मशीन त्या ‘वाय’ मालिकेतलं आहे, आणि अजून मलमलीवर एकसारखा टाका घालतं.

मागच्या महिन्यात मी इच्छापत्र केलं. वकीलसाहेब म्हणाले, “ताई, मशिनं एका ओळीत लिहू ना, ‘शिलाई मशिनं, नग पाच’?” मी म्हटलं, नाही, पाच ओळी लिहा, प्रत्येकीत क्रमांक घाला आणि पुढे नाव घाला. उषा धाकट्या नणंदेच्या लेकीला, ‘वाय’ सुनेला. उरलेल्या तिघांची नावं अजून ठरायची आहेत.