अंड्यांपायी बारीक झालेला पास्ता

इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ, मार्के प्रांतात काम्पोफिलोने नावाचं लहानसं गाव आहे. तिथला ‘माक्केरोन्चिनी’ हा पास्ता इतका बारीक, की एखाद्या आचाऱ्याने कसब दाखवायला केला असेल असं वाटावं. पण त्याचं मूळ हौसेत नाही, अडचणीत आहे.

इटलीच्या दक्षिणेत पास्ता वाळवण्याचं काम सोपं होतं. कठीण गव्हाचा रवा, पाणी आणि कोरडा वारा, एवढ्यावर भागे. सिसिलीतल्या त्राबिया गावचा असा पास्ता जहाजांनी दूरदूर जातो, हे अल-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ सालीच नोंदवलं आहे.

काम्पोफिलोनेच्या बायका मात्र पीठ भिजवत ते नुसत्या अंड्यांत, पाण्याचा थेंब न घालता. वसंतात कोंबड्या भरपूर अंडी देतात, थंडीत दिवस लहान झाले की अंडी आटतात. तेव्हा सुगीतली अंडी हिवाळ्यापर्यंत टिकवायची तर ती पिठात घालून वाळवायची, ही युक्ती. त्यात एकच धोका. पोळी जाड राहिली तर वरून सुकते, आत ओल धरते आणि नासते. म्हणून ती कागदासारखी लाटायची, गुंडाळायची आणि सुरीने हात चालेल तितकी बारीक कापायची. गावात ही कथा अशीच सांगतात आणि मला ती पटते. आपल्या शेवयांना अंड्याची ही धास्ती कधीच नव्हती.

यंत्राची ‘कापेल्लिनी’ हीसुद्धा बारीकच, पण ती साच्याच्या भोकांतून दाबून काढतात, म्हणून ती गोल असते. माक्केरोन्चिनी कापलेली, म्हणून चपटी. तिला २०१३ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या नियमांत जाडी ०.३ ते ०.७ मिलिमीटर ठरलेली आहे आणि किलोभर पिठाला सात ते दहा अंडी. कापलेल्या तारा कागदावर पसरून मंद उबेत दिवसभर किंवा थोडा अधिक वेळ वाळवतात. घाई केली तर तार तडकते. मानांकनापेक्षाही मला मोल वाटतं ते त्या निनावी बायकांच्या हिशेबाचं: ओल किती, जाडी किती, ऊब किती, हे त्यांनी मोजपट्टीशिवाय ठरवलं.

हा पास्ता कुठे मिळालाच, तर उकळत्या पाण्यात मिनिटभरच ठेवा. मटणाचा किंवा कोंबडीचा दाट रस्सा आधी तयार हवा. पास्ता थांबत नाही.